पितृपंधरवड्यात भुंगेरे

पहाटे ४.४५
नगर रस्त्यावरचा धाबा रात्रभर चालू असतो आणि साडेपाचला तिथे झाडू फिरतो. मला त्याच्या आत पोचायचं असतं. धाब्याच्या भिंतीवर एक मोठा पांढरा दिवा आहे. रात्रभर त्याच्यावर धडकलेले किडे सकाळी खाली पडलेले असतात. शिरूरपासून रांजणगावच्या एमआयडीसीपर्यंत असे दिवे पुष्कळ, पण बहुतेकांच्या खाली डांबर किंवा गाड्यांची चाकं. इथे कोबा आहे, म्हणून किडा शाबूत मिळतो. टॉर्च तोंडात धरून, हातात चिमटा आणि फिल्मच्या रिकाम्या डब्या घेऊन मी उकिडवा बसतो. मालक आता काही विचारत नाहीत. नव्या पोऱ्याला मात्र सांगून ठेवतात, "स्टुडिओवाले दादा आहेत. किडे नेत्यात, नेऊ दे."

एरवी माझं पोट लग्नांवर, बारशांवर आणि साखरपुड्यांवर चालतं. पितृपंधरवड्यात कुणी शुभकार्य धरत नाही. कॅमेरे, फ्लॅश, बॅटऱ्या आणि मी, सगळेच मोकळे. नेमकं याच सुमारास पावसाळा सरत आलेला असतो, रान हिरवं असतं आणि किडे वर्षातल्या सगळ्यात जास्त संख्येने बाहेर असतात. पंचांगाने आणि निसर्गाने मिळून मला ही सुट्टी दिली आहे असं मी समजतो.

चिमटा वापरण्यामागे कारण आहे. या ढिगात पिडेरस असतो, काळा-नारिंगी, लांबट, मुंगीसारखा दिसणारा. तो अंगावर चिरडला तर त्याच्यातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. त्याला बाजूला सारून मी पाहतो ते शेणातले भुंगेरे. आज एक चांगला नर मिळाला, डोक्यावर दोन शिंगं असलेला, सेंटिमीटरभर लांब. याचं नाव गॅझेला. या जातीचे भुंगेरे १९६०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाने गुरांचं शेण जिरवायला मुद्दाम नेऊन सोडले. आपल्याकडे तो दिव्याखाली मरून पडतो आणि झाडूने गटारात जातो.

स्टुडिओतल्या कामासाठी मी किडा मारत नाही. जिवंत किडा फ्रिजमध्ये ठेवून गारठवणं, गोंदाने चिकटवून 'पोज' घ्यायला लावणं, हे प्रकार चालतात आणि त्यांना बक्षिसंही मिळतात. मला त्यात अर्थ दिसत नाही. एका दिव्याखाली एका रात्रीत इतके मिळत असताना मारायचं कशाला?

सकाळी ६.१५
घोड नदीचा काठ. नदीच्या पलीकडे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा नगर जिल्हा. उजाडल्याशिवाय मी इथे खाली बसत नाही आणि एकटा तर मुळीच येत नाही. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो, उसात बिबट्या आहे. उकिडव्या बसलेल्या किंवा वाकून काम करणाऱ्या माणसाला तो लहान जनावर समजू शकतो, असं वनखातं वारंवार सांगतं. आमच्या कामात तर तासन् तास वाकणं आणि रांगणंच असतं. म्हणून स्टुडिओतला पोरगा सोबत येतो. मी गवतात शिरलो की तो काठी घेऊन उसाच्या बाजूला तोंड करून उभा राहतो आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतो. किडे गाण्याने उठत नाहीत. उन्हाने उठतात.

म्हणूनच ही घाई. निळ्या पट्ट्यांची एक एकटी राहणारी माशी आहे, अमेजिला. हिचे नर रात्री वाळक्या काडीला जबड्याने चावा घेऊन लटकतात आणि तसेच झोपतात, कधी एका काडीवर ओळीने. अंग दवाने भिजलेलं. पोटावरचे पट्टे म्हणजे बारीक चमकदार केसांच्या ओळी असतात. हे साध्या डोळ्यांना कळत नाही, लेन्सला कळतं. ऊन अंगावर आलं की ती पाय झाडते, तोंड पुसते आणि उडून जाते. तोवर जे काय ते.

इथे तिकाटणं कामाचं नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत काडी धरायची आणि त्याच हाताच्या पंजावर लेन्स टेकवायची. मग वारा आला तरी माशी, काडी, लेन्स आणि मी एकत्रच हलतो. श्वास सोडून, अंग किंचित पुढे झुकवत एकामागून एक फोटो घ्यायचे. डोळे, मग मिशा, मग छातीवरची लव. प्रत्येकात एकच पातळ पट्टी स्पष्ट असते, पुढे त्या पट्ट्या जुळवायच्या.

लेन्सचं छिद्र लहान करून सगळंच एकदम स्पष्ट का घेत नाही, असं लग्नाचे फोटो काढणारे मित्र विचारतात. किडा सेन्सरवर त्याच्या दुप्पट मोठा उमटत असेल, तर आठचं छिद्र प्रत्यक्षात चोविसासारखं वागतं. आठ गुणिले (एक अधिक दोन). त्याहून लहान केलं तर छिद्राच्या कडांवर प्रकाश पसरतो आणि सगळं चित्र मऊ पडतं. खोली मिळते, धार जाते. या कामाची सगळी यातायात या एका गणितातून येते. स्पष्ट भाग जाड करता येत नाही, म्हणून पातळ थरांवर थर रचायचे.

फ्लॅशवर माझा घरचा जुगाड आहे, कागदी कप कापून त्याला बटर पेपरचे दोन पदर. दुकानातले तयार डिफ्यूझर किड्यासाठी फार लांब राहतात. चकचकीत पाठीच्या किड्यावर प्रकाशाचा स्रोत त्याच्या आकाराच्या मानाने प्रचंड आणि अगदी जवळ हवा, नाहीतर पाठीवर पांढरा डाग पडतो. डाग पडला की तिथला रंग गेला तो गेलाच.

७.४०
बांधावर चहा. शेजारच्या वावरात कांद्याचं रोप उपटणं चाललं आहे. तिथले आबा येऊन विचारतात, "काय हरावलंय का वो?" त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांच्याच पातीवरचा फुलकिडा दाखवला. कांद्याच्या पातीवर पांढुरके ओरखडे पडतात ते याचेच उद्योग. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. याचे पंख बघण्यासारखे असतात. मध्ये बारीक काडी आणि दोन्ही कडांना लांब केसांची झालर.

"मोराच्या पिसावानी हाय की," आबा म्हणाले. आमच्या तालुक्यात मोराची चिंचोली आहे, त्यामुळे मोर सगळ्यांच्या ओळखीचा. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आन् याला औषध कंचं मारायचं?"

"ते कृषी सहायकांना विचारा आबा, मी फोटोवाला."

हसले आणि निघून गेले. या भागात प्रत्येक किड्याची ओळख त्याच्यावरच्या औषधाने होते. त्यात चूक काही नाही, पीक त्यांचं आहे. पण त्या प्रश्नाच्या आधी आबा गप्प उभे राहिले ना, तेवढ्यासाठी मी हे करतो.

८.३०
आता वनस्पती. आधी केना, कारण त्याचं निळं फूल दुपारपर्यंत मिटतं. साध्या डोळ्याला दोन निळ्या पाकळ्या दिसतात. दुप्पट-तिप्पट केल्यावर मध्यभागी पिवळे वांझ पुंकेसर दिसू लागतात, त्यांच्यात पराग जवळजवळ नसतो, किड्याला बोलावण्यापुरतेच ते असतात. मग कंबरमोडी. तिचं बोंड म्हणजे एक फूल नव्हे, फुलांचा मेळा, आणि मधल्या प्रत्येक नळीला स्वतःचे पाच दाते.

जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक कलाशिक्षक होते. विद्यार्थ्यांना नक्षी शिकवण्यासाठी ते बांधावरच्या रोपांचे, कोंबांचे, बोंडांचे फोटो काढत, काही तीस पटींपर्यंत मोठे करत. त्यांचं पुस्तक १९२८ मध्ये आलं. त्यातली नेच्याची गुंडाळी बघून ही लोखंडी जाळीची नक्षी आहे असं वाटतं. त्यांनी पार्श्वभूमीला साधा करडा किंवा पांढरा कागद ठेवला, बाकी काही नाही. रंगसुद्धा नाही. मला वाटतं, मोठं करणं यंत्राला जमतं, उरलेलं काढून टाकणं माणसाला करावं लागतं. आजकालचे निम्मे सूक्ष्मछायाचित्रकार काळ्या पार्श्वभूमीवर भागवतात. काळा सोपा असतो, चुका झाकतो, पण रानातली वस्तू काळ्यावर ठेवली की ती दागिन्याच्या दुकानातली वाटते.

रस्त्याच्या कडेला गाजर गवत माजलं आहे. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते आपल्या पुण्यातच, १९५५च्या सुमारास. त्याच्यावर मेक्सिकन भुंगेरा बसलेला सापडला, सायीच्या रंगाच्या पाठीवर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा. गाजर गवत खाण्यासाठी त्याला मेक्सिकोहून आणला आणि १९८४ मध्ये बंगळुरूला सोडला, तो आता आमच्याकडेही आहे. परदेशी तण आणि परदेशी किडा, दोघांचं भांडण आमच्या बांधावर. पाठीवरच्या रेघा प्रत्येकाच्या थोड्या वेगळ्या. त्याला पळायची घाई नसते, खायची असते, त्यामुळे फोटोला तो उत्तम.

बाभळीवर थांबलो ते काट्यांसाठी. काही काटे चालत होते. ऑक्सिरॅकिस हा रस शोषणारा किडा बाभळीच्या कोवळ्या फांदीवर राहतो. त्याच्या मानेवरून दोन शिंगं निघतात आणि पाठीवरून एक लांब टोक मागे जातं. याच्या अंगातून गोड रस गळतो, तो मुंग्या चाटतात आणि बदल्यात राखण करतात. फांदी वाकवली की मुंग्या आधी लेन्सवर चढतात, मग मनगटावर.

११.००
गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेला. भीमा ओलांडली की दौंड तालुका.

हा प्रवास आवडीचा नाही, गरजेचा आहे. माझा स्टुडिओ शिरूरला नगर रस्त्याच्या अगदी लगत. खालून कंटेनर गेला की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं. नवरा-नवरीच्या फोटोला त्याने काही होत नाही. पण पाचपट मोठं करताना स्पष्ट राहणारी पट्टी साधारण तीस मायक्रॉनची असते. माणसाचा केस सत्तरच्या आसपास, म्हणजे केसाच्या निम्म्याहून पातळ. कंटेनर गेला की अख्खा थर बाद. म्हणून लांबलचक कामं मी दौंड तालुक्यात आत्याच्या वस्तीवर करतो. दौंड म्हटलं की लोकांना रेल्वेचं जंक्शन आठवतं, पण ही वस्ती रुळांपासून लांब, डांबरी रस्त्यापासूनही आत. दगडी जोत्याचं जुनं घर. मधल्या खोलीत जमिनीतच बसवलेलं दगडी जातं आहे. त्याच्यावर शहाबादी फरशी टाकली की झालं माझं टेबल. पुण्यात अशा स्थिर टेबलाला लोक हजारो रुपये मोजतात.

आज आत्याकडे मामांच्या वडिलांची तिथी. "आधी पान वाढू दे, कावळा शिवू दे, मग तुझे किडे काढ," आत्या म्हणाली. कढी, वडे, खीर, गवार, कारलं, भोपळा. कावळा लगेच आला. किड्यांच्या डब्या मात्र तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येऊ दिल्या नाहीत. त्या ओसरीवर राहिल्या.

दुपारी १.१५
सकाळी उचललेला भुंगेरा आज उपयोगाचा नाही. त्याचे पाय ताठ झालेत. तो झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूवर जाईल, बुरशी येऊ नये म्हणून दोन थेंब डेटॉल, आणि दिवसभरात सांधे सैल होतील. आजचा विषय कालपासून मुरलेला आहे, त्याच जातीचा नर.

आधी आंघोळ. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, सगळ्यात बारीक क्रमांकाचा चित्रकलेचा ब्रश. शेणातला किडा असल्याने शिंगांच्या खोबणीत काय काय असतं ते सांगत नाही. साध्या डोळ्याला स्वच्छ दिसणारा भुंगेरा पाचपटीत उकिरडा दिसतो. संगणकावर धूळ पुसत बसण्यापेक्षा इथे तासभर गेलेला परवडतो. मग टाचणीच्या टोकावर फेविकॉलचा ठिपका लावून पोटाकडून चिकटवायचा.

पार्श्वभूमीला आत्याचं जुनं मोरपंखी लुगडं, किड्याच्या मागे वीतभर अंतरावर. इतक्या लांबचं कापड पूर्ण विरघळतं, फक्त रंग उरतो. तपकिरी भुंगेऱ्यामागे हिरवट निळा बसला की शिंगांची कडा सुटी दिसते.

प्रकाशासाठी इथे फ्लॅश नाही, लहान एलईडी दिवे. फ्लॅशमध्ये काय होणार ते आधी दिसत नाही. दिवा मात्र इंचभर सरकवला की डोक्यावरच्या बारीक खड्ड्यांची सावली बदलताना डोळ्यांसमोर दिसते. एक दिवा मागून, शिंगांच्या कडेला. एक डावीकडून बटर पेपरमधून. उजवीकडे दिवा नाही, पांढऱ्या कागदाचा तुकडा. ही जुळणी करायलाच दुपारचा मोठा भाग जातो आणि खरी कलाकारी काही असेल तर ती इथे आहे. नंतरचं काम हमालीचं.

ते असं. लेन्सच्या जागी सूक्ष्मदर्शकाची पाच पटींची ऑब्जेक्टिव्ह. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर आता सात मिलिमीटरच मावतात, म्हणजे भुंगेऱ्याचं फक्त डोकं. कॅमेरा स्क्रूवर चालणाऱ्या मोटरच्या पट्टीवर. पट्टी वीस मायक्रॉन पुढे सरकते, थरथर थांबेपर्यंत चार सेकंद वाट बघते, फोटो घेते, पुन्हा सरकते. शिंगाच्या टोकापासून मानेपर्यंत चार मिलिमीटर, म्हणजे दोनशे फोटो, वीस मिनिटं. या वीस मिनिटांत खोलीत कुणी चालायचं नाही, पंखा बंद, दार लोटलेलं. आत्या बाहेरून विचारते, "झालं का रे तुझं ध्यान?"

मोठ्या प्रमाणावर हे काम पाहायचं तर लेव्हन बिस या ब्रिटिश छायाचित्रकाराचं. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात त्याचं प्रदर्शन लागलं. किडे संग्रहालयातलेच, भिंतीवरची चित्रं काही तीन मीटरपर्यंत. एका किड्याचे साधारण तीस भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळा प्रकाश दिलेला, एका चित्रात आठ हजारांहून जास्त फोटो. एकेका किड्यावर आठवडे. एकाच किड्याच्या शिंगाला एक प्रकाश आणि पाठीला दुसरा, याला काही जण लबाडी म्हणतात. मी म्हणत नाही. नवरीच्या चेहऱ्याला एक दिवा आणि शालूला दुसरा आम्ही रोज लावतो. ठाण्याच्या युवराज गुर्जर यांची रानातली छायाचित्रं बघून मी या नादाला लागलो, तेव्हा माझाही ओढा जिवंत किड्याकडे जास्त आहे. पण दोन्ही कामं वेगळी आहेत. रानातला फोटो भेटीचा असतो, टेबलावरचा फोटो बांधकामाचा. पाहणाऱ्याला कोणता कोणता आहे ते सांगितलं पाहिजे, इतकंच.

दुपारी ४.३०
भुंगेरा उतरवला. जाता जाता काटेरिंगणीचं एक पान त्याच फरशीवर. या पानावरचा प्रत्येक केस चांदणीच्या आकाराचा असतो, एका देठावर चारी बाजूंना फुटलेले टोकदार किरण. यासाठी दहा पटींची ऑब्जेक्टिव्ह, पाच मायक्रॉनचं पाऊल. पान तोडल्यापासून सुकायला लागतं आणि सुकताना केस हलतात, म्हणून देठ ओल्या कापसात. तरीही दोनदा घ्यावं लागतं.

५.४५
परतीच्या वाटेवर गुऱ्हाळ लागतं. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ. काकवीच्या वासाला गांधीलमाश्या येतात, पण उजेड उतरत आला आहे आणि चुलवणाची धग लेन्सला सोसत नाही. गरम गूळ खाल्ला, निघालो. वाटेत एका वधूपित्याचा फोन, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखेसाठी. ती लिहून घेतली. ऑब्जेक्टिव्हचे हप्ते या तारखांतूनच जातात.

रात्री ८.००
दोनशे फोटो संगणकात. यासाठी झेरीन किंवा हेलिकॉन ही सॉफ्टवेअर वापरतात, ती प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग उचलून एक चित्र करतात. पंधरा-वीस मिनिटांत पहिलं चित्र येतं आणि ते नेहमी थोडं चुकलेलं असतं. जिथे एक शिंग दुसऱ्यासमोरून जातं तिथे कडेला धूसर प्रभा उमटते, केसांच्या जागी दोन-दोन केस. मग मूळ फोटो एकेक उघडून हाताने खरा भाग भरायचा. यंत्राला शिंग पुढे आहे की मागे हे समजत नाही, मला समजतं, कारण मी दुपारभर त्याच्याकडे बघत होतो. रंग मी वाढवत नाही. शेणातल्या भुंगेऱ्याचा तपकिरी पुरेसा श्रीमंत असतो. दिवा नीट लावला असेल तर त्यात तांबूस, पिवळसर, मधूनच हिरवट झाक आपसूक येते.

फाइलच्या नावासोबत तीन गोष्टी लिहून ठेवतो. किडा दिव्याखाली मेलेला सापडला, चित्र दोनशे फोटोंचं आहे, आणि पार्श्वभूमी लुगड्याची आहे.

हे वाचून कुणाला हुरूप आला तर एवढंच सांगेन की ऑब्जेक्टिव्ह आणि मोटरची पट्टी आधी घेऊ नका. घरात जुनी ५० मिलिमीटरची लेन्स पडलेली असेल तर काही शे रुपयांची रिव्हर्स रिंग लावून ती कॅमेऱ्यावर उलटी बसवा. तिने साधारण किड्याएवढाच किडा सेन्सरवर उमटतो, २८ची उलटी लावली तर दुप्पट. कागदी कप आणि बटर पेपर घरात आहेच. वर्षभर त्यावर काम करा. शिरूरकडच्या उसाजवळ जाणार असाल तर सोबतीला कुणीतरी न्या आणि त्याला काठी द्या.